संयुक्त समितीची सभा आणि तिचे इतिवृत्त

स्थानिक स्वराज्य संस्थांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा बराच मोठा भाग कायद्याची कलमे आणि निधीचे आकडे यांच्याभोवती फिरतो. सभा प्रत्यक्षात कशी चालते, तीत कोण केव्हा बोलतो, आणि बोलल्या गेलेल्या गोष्टींपैकी किती कागदावर उतरते, हा विषय चिटणिसाच्या टेबलाचा म्हणून बाजूस सारला जातो. वस्तुतः लोकसत्ताक कारभाराची खरी परीक्षा तेथेच होत असते. अधिकार कायद्याने मिळतो हे खरे. परंतु तो वापरला गेला की नुसता बाळगला गेला, याचा पुरावा इतिवृत्ताखेरीज दुसरीकडे सापडत नाही.

इतिवृत्त हाही एक लेखनप्रकार आहे. त्याला स्वतःची रूढी आहे, वाक्यांची घडण आहे, आणि वगळण्याची एक विशिष्ट कला आहे. त्याचे परीक्षण केवळ प्रशासनाच्या अंगाने करून भागत नाही. भाषेच्या अंगानेही ते झाले पाहिजे. विशेषतः एकाहून अधिक संस्थांचे प्रतिनिधी जीत एकत्र बसतात अशा संयुक्त समितीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. एकाच नगरपालिकेच्या सभेत सदस्य परस्परांना ओळखतात, त्यांची वैरे जुनी असतात, आणि एखाद्याचे बोलणे लिहावयाचे राहिले तर ते दुसऱ्या दिवशी चावडीवर भरून निघते. संयुक्त समितीच्या सदस्यांची गोष्ट निराळी. तालुक्याच्या गावाचा नगरसेवक आणि डोंगरपट्ट्यातील गटातून निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य वर्षातून मोजक्या वेळा एका सभागृहात येतात व पांगतात. त्यांच्यामध्ये दुवा असतो तो कागदाचाच.

महाराष्ट्रात अशा समितीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जिल्हा नियोजन समिती. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने (ती १ जून १९९३ पासून अमलात आली) अनुच्छेद २४३ झेडडी घातला गेला, आणि प्रत्येक जिल्ह्यात पंचायती व नगरपालिका यांनी केलेल्या योजना एकत्र करून जिल्ह्याची विकास योजना तयार करण्यासाठी ही समिती सांगितली गेली. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा पातळीवरील पंचायतीच्या आणि जिल्ह्यातील नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे, आणि ग्रामीण व नागरी सदस्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या प्रमाणानुसार ठेवावयाचे, अशी तीत तरतूद आहे. समितीने कशाकडे लक्ष द्यावे हेही अनुच्छेदात स्पष्ट आहे : पंचायती व नगरपालिका यांच्या समाईक हिताच्या बाबी, स्थलीय नियोजन, पाण्याची व अन्य नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास, पर्यावरणाचे रक्षण. थोडक्यात, गाव आणि शहर यांनी एका टेबलाशी बसून आपसांतील तंटे व गरजा यांचा विचार करावा, ही मूळ कल्पना. महाराष्ट्राने १९९८ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. अध्यक्षपदी पालकमंत्री आणि सदस्य-सचिवपदी जिल्हाधिकारी अशी रचना त्यात स्वीकारण्यात आली.

या समितीच्या कार्यक्रमपत्रिकेचा साचा आता पुरता रुळला आहे. प्रथम मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मग त्यावरील अनुपालन अहवाल. त्यानंतर चालू वर्षाच्या खर्चाचा आढावा. वर्षाच्या उत्तरार्धात पुनर्विनियोजन. पुढील वर्षाचा प्रारूप आराखडा. आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. क्रम तर्काला धरून आहे. परंतु यातील पहिला विषय पुकारला जातो तेव्हा सभागृहात पुष्पगुच्छ देणे-घेणे चालू असते व उशिरा आलेली मंडळी आपापल्या खुर्च्या शोधत असतात. आणि शेवटचा विषय येतो तेव्हा अर्धे सभागृह उठलेले असते. मधला सर्व वेळ आढाव्यात जातो. ज्या आराखड्यासाठी समिती निर्माण झाली तो बहुधा जाड बांधलेल्या पुस्तिकेच्या रूपाने सदस्याच्या हाती पडतो. ती चाळून तो मान्यता देतो. वाचून देण्याइतका अवधी क्वचितच असतो.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. नगरपालिकेची वा जिल्हा परिषदेची असते ती 'सभा'. खात्याची असते ती 'बैठक'. जिल्हा नियोजन समितीच्या कागदांत हे दोन्ही शब्द आढळतात, कधी एकाच पानावर. हा केवळ शब्दांचा ढिलेपणा म्हणून सोडून देता येत नाही. सभेत सदस्य समान असतात आणि अध्यक्ष त्यांच्या बोलण्याचे नियमन करतो. बैठकीत एक जण विचारणारा असतो व इतरांनी उत्तरे द्यावयाची असतात. समितीच्या कामकाजाचे वळण या दोहोंपैकी कोणते आहे, हे तिच्या इतिवृत्तातील क्रियापदेच सांगतात. नगरपालिकेच्या इतिवृत्तात अध्यक्ष हरकतीच्या मुद्द्यावर 'निर्णय' देतात. नियोजन समितीच्या इतिवृत्तात ते 'निर्देश' देतात. निर्णय सभेच्या चालीविषयी असतो आणि तो सदस्यांना उद्देशून असतो. निर्देश कामाविषयी असतो आणि त्याचा रोख अधिकाऱ्यांकडे असतो. म्हणजे ज्याच्यावर सभेचे नियमन सोपवलेले आहे तो स्वतःच सभेचा प्रमुख कर्ता होऊन बसतो. निर्देश देणाऱ्याला हरकतीच्या मुद्द्याची अडचण वाटावी, हे ओघानेच आले.

मग सदस्य काय करतो? तो मागणी करतो. आपल्या गटातील रस्ता, शाळेची खोली, स्मशानभूमीची भिंत, रोहित्राची क्षमता, असे एकेक काम घेऊन तो उभा राहतो आणि अध्यक्षांचे लक्ष वेधतो. त्याचे काम खरे असते. त्याचा मतदार त्याच्याकडे तेच मागतो. दोष कामाचा नाही, ते मांडण्याच्या रीतीचा आहे. समितीचा सदस्य म्हणून आराखड्याचा हिशेब मागण्याचा जो त्याचा हक्क, त्याचे रूपांतर अर्जात होते. दहा सदस्यांनी दहा कामे सांगितली म्हणजे ती दहा अर्जांची बेरीज होते. तीत दहा जणांचा विचार कोठेच नसतो. कोणाही सदस्याला दुसऱ्याच्या मागणीवर बोलण्याचे कारण उरत नाही. उलट तसे बोलणे अशिष्ट ठरते. पेशवाईतील दरबाराची आठवण येथे कोणास झाल्यास नवल नाही, जरी दरबारातही दोन सरदार परस्परांविरुद्ध बोलत असत.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळावे. मराठी इतिवृत्ताची प्रधान वाक्यरचना कर्मणी व भावे प्रयोगाची आहे : 'चर्चा करण्यात आली', 'मान्यता देण्यात आली', 'कार्यवाही करण्यात यावी', 'बाब निदर्शनास आणून देण्यात आली'. ही वळणे मराठीच्या अंगभूत स्वभावातून आलेली नाहीत, इंग्रजी दप्तराच्या छायेत ती वाढली, असे सामान्यतः म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. तथापि खरा प्रश्न त्यांच्या उगमाचा नसून उपयोगाचा आहे. 'करण्यात आली' म्हटले की कोणी केली हे सांगण्याची जबाबदारी संपते. 'संबंधितांनी आवश्यक ती कार्यवाही करावी' या वाक्यात चार शब्द असे आहेत की त्यांपैकी एकाचाही अर्थ निश्चित नाही : संबंधित कोण, आवश्यक किती, ती कोणती, आणि कार्यवाही म्हणजे काय. पुढील सभेत अनुपालन अहवाल येतो तो याच वाक्याचे प्रतिबिंब असतो : 'कार्यवाही सुरू आहे'. प्रश्नही निराकार, उत्तरही निराकार. मध्ये एखादे गाव उन्हाळाभर पाण्याच्या टँकरची वाट पाहत बसलेले असते, त्याचा उल्लेख दोन्ही कागदांत नसतो.

भाषेच्या दारिद्र्यावर हा दोष ढकलता येणार नाही. सभाव्यवहाराची मराठी परिभाषा पुरेशी समृद्ध आहे आणि ती घडवण्यासाठी दीर्घ परिश्रम झालेले आहेत. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून ही परंपरा सांगता येते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषिक कोश १९३१ मध्ये सिद्ध करविला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा ठरली. ठराव, उपसूचना, सूचक, अनुमोदक, गणपूर्ती, तहकुबी, निर्णायक मत, भिन्नमतपत्रिका हे सर्व शब्द हाताशी आहेत. त्यांपैकी 'ठराव' हा तर अस्सल देशी शब्द. जे ठरले तो ठराव. 'भिन्नमतपत्रिका' हा शब्द मात्र संयुक्त समितीच्या इतिवृत्तात शोधूनही सापडणे कठीण. शब्द आहे, त्याचा प्रसंग येत नाही.

प्रसंग न येण्याचे कारण 'सर्वानुमते' या शब्दात आहे. इतिवृत्तातील ठरावामागून ठराव सर्वानुमते मंजूर झालेला असतो. याचा अर्थ सर्वांचे मत एक होते असा घ्यावयाचा नसतो, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असते आणि वाचणाऱ्यासही. कोणी मतदान मागितले नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकमताविषयीची ओढ आपल्या ग्रामजीवनात जुनी आहे. पंचांच्या मुखी परमेश्वर या भावनेचा पाया एकमत हाच होता, आणि विनोबांनी ग्रामदानी गावांसाठी सर्वसंमतीचा आग्रह धरला त्यामागे बहुमताने दुबळ्यांवर अन्याय होऊ नये असा विचार होता. परंतु त्या एकमतासाठी रात्री जागवाव्या लागत. जो रुसला त्याच्या घरी जावे लागे. चर्चेविना मिळालेले एकमत त्या परंपरेचे वारस नव्हे. ते तिच्या नावावर चालणारे दुसरेच काही आहे. ग्रामसभेचे एकमत आणि घाईत असलेल्या समितीचे मौन यांना एकच शब्द लावला गेल्याने दुसऱ्याला पहिल्याची प्रतिष्ठा फुकट मिळाली आहे.

विरोधी मताची नोंद कशासाठी हवी, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. ठराव तर होणारच. याला उत्तर इतिहासात आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला असता, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ठराव अर्थातच मंजूर झाला. परंतु आज त्या सभेतील कोणाचे मत लोकांच्या स्मरणात आहे? तो ठराव सर्वानुमते झाला असे लिहिले गेले असते, आणि तेच एक वाक्य शिल्लक उरले असते, तर पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा एक धागाच तुटला असता.

दुसरे उदाहरण महाडचे. ते अधिक कठोर आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. ठरावाने तळ्याच्या पायऱ्यांवरील स्थितीत काही फरक पडला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले, तेव्हा वस्तुतः त्यांनी नगरपालिकेच्याच ठरावाची अंमलबजावणी केली. आणि मग ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला तो ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले व उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. या घटनेचा सामाजिक अर्थ अनेकांनी सांगितला आहे. सभाशास्त्राच्या दृष्टीने तिच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. अंमल न झालेला ठराव तीन वर्षे कोणालाही खुपला नाही. अंमल होताच तो रद्द करण्याची गरज भासली. ठरावाचे वजन त्याच्या शब्दांत नसते, त्याच्यामागे सभेने किती जाणतेपणाने हात वर केला यात असते. जो ठराव करताना कोणालाच काही किंमत मोजावी लागली नाही, तो मोडतानाही लागत नाही.

परदेशीय पद्धतीकडे पाहताना सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण तेथील नियम उचलता येतात पण सवयी उचलता येत नाहीत. तरीही इंग्लंडचे उदाहरण उपयोगी आहे. तेथे १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने दोन वा अधिक स्थानिक संस्थांना संयुक्त समिती नेमून आपली कामे तिच्याकडे सोपविण्याची मुभा दिली. तिच्या सभेला अध्यक्ष सदस्यांतूनच निवडला जातो; मंत्री तेथे नसतो. २०११ च्या कायद्याने पोलिस व गुन्हेविषयक मंडळे निर्माण झाली. त्यांत त्या त्या क्षेत्रातील परिषदांचे प्रतिनिधी व काही स्वीकृत स्वतंत्र सदस्य बसतात आणि निर्वाचित पोलिस आयुक्ताच्या कारभाराची छाननी करतात. आयुक्ताने सुचविलेली करआकारणी किंवा मुख्य पोलिस अधिकाऱ्याची नेमणूक दोन तृतीयांश मतांनी अडविण्याचा अधिकार मंडळाला आहे. हा अधिकार क्वचितच वापरला जातो आणि म्हणून ही मंडळे दुबळी आहेत, अशी टीका तेथे होते. ती योग्यच असेल. परंतु दोन तृतीयांश मते लागतात म्हणजे मते मोजावी लागतात, आणि मोजली की लिहावी लागतात. तसेच मंडळाने अहवाल दिला की आयुक्ताने त्याला उत्तर द्यावे व ते प्रसिद्ध करावे, असे बंधन आहे. 'कार्यवाही सुरू आहे' एवढ्यावर तेथे सुटका होत नाही. निदान होऊ नये अशी योजना आहे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने वृत्तपत्रांना स्थानिक संस्थांच्या सभांना बसण्याचा हक्क मिळाला होता. तेव्हा काही परिषदांनी एक युक्ती काढली. संपूर्ण परिषदच स्वतःला 'समिती' घोषित करी, आणि समितीला कायदा लागू नाही म्हणून वार्ताहरांना बाहेर काढी. ही पळवाट बुजविण्याचे विधेयक मार्गारेट थॅचर यांनी नवख्या सदस्य असताना मांडले व १९६० मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे कशासाठीही प्रसिद्ध झाल्या तरी त्यांचे संसदेतील पहिले काम सभागृहाचे दार उघडे ठेवण्याचे होते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. आपल्याकडे युक्तीची गरज पडत नाही. समितीची सभा संपते, मग वार्ताहर परिषद होते, आणि तीत अध्यक्ष जे सांगतात तो दुसऱ्या दिवशी सभेचा वृत्तांत म्हणून छापला जातो. इतिवृत्त त्यानंतर काही आठवड्यांनी लिहून होते. तोवर सभेत काय झाले हे सर्वांनी वृत्तपत्रांत वाचलेले असते. सभेला हजर असलेल्यांनीसुद्धा.

मंत्री अध्यक्षस्थानी असणे ही संविधानाची अट नाही, हे येथे विसरता कामा नये. केरळात जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष असतो. जिल्हाधिकारी सदस्य-सचिव आहेच. १९९६ मध्ये तेथे लोकयोजना मोहीम सुरू झाली त्यानंतर ग्रामपंचायती व नगरपालिकांच्या योजना या समितीपुढे मंजुरीसाठी येऊ लागल्या. तेथेही सभा कंटाळवाण्या होतात आणि तेथेही कागद उशिरा येतात, यात संशय नाही. फरक एवढाच की समितीपुढे येणारा कागद खालून आलेला असतो. महाराष्ट्रात नियतव्ययाची मर्यादा वरून कळविली जाते, खातेप्रमुख तीत आपापली कामे बसवितात, आणि समिती त्या बसविलेल्या कामांना मान्यता देते. पंचायती व नगरपालिका यांच्या योजनांचे एकत्रीकरण हे जे तिचे संविधानिक काम, त्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर स्वतंत्रपणे आढळत नाही.

आणि जे तिच्यापुढे यावयास हवे, ते अन्यत्र ठरते. पुणे जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. खडकवासला धरणसाखळीच्या पाण्यावर शहराचा हक्क किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीचा किती, हा गाव-शहर तंट्याचा अगदी नमुनेदार प्रश्न होय. अनुच्छेदातील 'पाण्याची वाटणी' हे शब्द जणू त्याच्यासाठीच लिहिले गेले. परंतु आवर्तन केव्हा सोडावयाचे आणि किती, हे कालवा सल्लागार समितीत ठरते. उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला गेला. गावांनी आंदोलने केली, प्रकरण न्यायपीठांपुढे गेले, मंत्र्यांनी बैठका घेतल्या. २०१७ मध्ये गावे महापालिकेत घेतली गेली आणि पुढे ती वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. इतक्या घडामोडींत ज्या समितीचे हे काम होते तिचे नाव कोठे ठळकपणे पुढे येत नाही. कचरा टाकणारे शहर आणि तो सोसणारे गाव या दोहोंचे निर्वाचित सदस्य जेथे शेजारी बसू शकत होते, असे ते एकच टेबल होते.

समितीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तिच्याजवळ स्वतःचा कर्मचारीवर्ग नाही; जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयावर तिचा सर्व भार. सदस्य, निमंत्रित आमदार-खासदार आणि खातेप्रमुख मिळून सभागृह भरून जाते. एवढ्या माणसांत दोन-तीन तासांत गंभीर चर्चा होणे कोणत्याही देशात दुष्कर. मंत्री अध्यक्ष असल्याने अडलेली कामे जागच्या जागी सुटतात, हेही अनुभवास येते, आणि दूरच्या तालुक्यातील सदस्याला ते मोलाचे वाटते. इतिवृत्त लिहिणाऱ्या लिपिकाची कुचंबणा तर कोणी ध्यानातच घेत नाही. दोन प्रतिष्ठित सदस्यांची खडाजंगी झाली, तर ती शब्दशः लिहिल्यास दोघेही रागावतात. म्हणून तो 'सविस्तर चर्चेअंती' असे लिहून मोकळा होतो. या दोन शब्दांखाली किती भांडणे गाडली गेली आहेत याची गणना करता येणार नाही. लिपिकाला दोष देणे अन्यायाचे होईल. काय लिहावे याचा नियम ज्यांनी करावयाचा त्यांनी तो केला नाही, आणि न करण्यात सर्वांचीच सोय होती.

उपाय मोठे नाहीत. त्यामुळेच बहुधा ते सुचविले जात नाहीत. आराखड्यासाठी स्वतंत्र सभा असावी व तीत अन्य विषय नसावा. गाव आणि शहर यांच्या समाईक प्रश्नांपुरती सदस्यांची छोटी उपसमिती असावी आणि तिचा अहवाल मुख्य सभेत वाचला जावा. प्रत्येक ठरावाखाली सूचक व अनुमोदक यांच्याबरोबर जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम व मुदत लिहावी. ज्या सदस्याने विरोध केला त्याचे नाव, त्याची इच्छा असल्यास कारणासह, नोंदले जावे. यांपैकी एकाही गोष्टीला संविधानात बदल करावा लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा झाल्यापासून इतिवृत्त मागणाऱ्या नागरिकाला ते मिळते. मिळालेल्या कागदातून त्याला काही समजावे, एवढीच काय ती उणीव.

ही उणीव किती दूर जाऊ शकते हे २०२२ नंतरच्या काळाने दाखविले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकल्याने महाराष्ट्रातील बहुतेक महापालिका, जिल्हा परिषदा आणि नगरपरिषदा मुदत संपताच प्रशासकांच्या हाती गेल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निर्वाचित सदस्यच नाहीत, तेव्हा त्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्यही नव्हते. तरीही समितीच्या बैठका झाल्या, आढावे झाले, आराखड्यांना मान्यता मिळाली. नगरपालिकांतून तर 'प्रशासक ठराव' निघू लागले. एकच अधिकारी प्रस्ताव ठेवणार, तोच त्यावर विचार करणार आणि तोच मंजूर करणार. पण वाक्ये तीच राहिली : 'मान्यता देण्यात येत आहे', 'ठराव मंजूर'. सभा नाहीशी झाली आणि तिच्या भाषेला ते जाणवलेही नाही. ज्या भाषेत माणसे असतानाही त्यांची नावे उमटत नव्हती, तिला माणसे नसल्याने अडचण ती कोणती व्हावी?

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुकांपासून हा खंड संपू लागला. नव्याने निवडून आलेले सदस्य जेव्हा नियोजन समितीत पहिल्यांदा येतील, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवरील पहिला विषय नेहमीचाच असेल : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. त्या मागील सभेला गाव वा शहर यांचा एकही निर्वाचित प्रतिनिधी हजर नव्हता. ते इतिवृत्त त्यांनी कशाच्या आधारावर कायम करावयाचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी सभागृहात विचारता येईल, आणि तो विचारला गेल्यास लिहूनही घ्यावा लागेल.